मोठ्या आयची चढण

निवळशेत गावात सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, झऱ्याकडे उतरणारी पायवाट मधेच एका गडग्याला येऊन अडते. गडगा म्हणजे नुसत्या दगडांची भिंत. तिच्यात ना माती, ना चुना. एका दगडाने दुसऱ्याला धरून ठेवायचं, एवढीच तिची ताकद. वाट अडते तिथे गडग्यातून पाच लांब दगड दोन्ही अंगांना हातभर बाहेर आलेले आहेत. त्यांवर पाय देत माणूस इकडून चढतो आणि तिकडे उतरतो. या जागेला गाव मोठ्या आयची चढण म्हणतं.

पावसाळ्यात गडगे ढासळतात. म्हणून देवदिवाळीच्या आधीच्या रविवारी सगळं गाव पायवाटांवर येतं आणि पडलेलं उचलून परत रचतं. आता शहरातली माणसंही श्रमदानाला येतात. गेल्या खेपेला त्यांच्यातल्या एका बाईंनी एक पुरा झालेला गडगा पाहिला आणि कौतुकाने म्हणाल्या, "अगदी चित्रासारखा झालाय हो!" तशा काम करणाऱ्या बायका थांबून त्यांच्याकडे बघू लागल्या. एकीने तर हातातला दगड खाली ठेवला.

भागोजी आबा जवळच तंबाखू मळत बसले होते. वय ऐंशीच्या पुढचं. ते म्हणाले, "बाय माझे, आजच्या दिवशी गडग्याला बरं म्हणू नये. बस इथे सावलीत. पाणी पी. का म्हणू नये ते सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

फार मागची गोष्ट. चढणीच्या या अंगाला एक घर होतं आणि त्या अंगाला एक. दोघे सख्खे भाऊ, पण वेगळे झालेले. वाटणी झाली तेव्हा मधे हा गडगा घातला. भावांत भांडण नव्हतं, म्हणून गडग्यात चढण ठेवली. दोघेही भाऊ गलबतावर असायचे. आठ-आठ महिने घराचं तोंड बघायचे नाहीत. घरं सांभाळायच्या त्या दोघी जावा.

थोरली गोमती. तिचा बाप गडगे रचणारा होता, म्हणून दगड तिच्या हातात लहानपणापासून. हातात घेतला की तिला कळायचं, हा कुठे बसणार. तिला तीन मुलं, घर सदा उघडं, आणि आवाज असा की झऱ्यावर बोलली तरी सड्यावर ऐकू यावं.

धाकटी अनशी. हिची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरी ठकू जगली. चार वर्षांची झाली तरी अनशी झोपेत तिच्या नाकापुढे हात धरून बघायची, श्वास चालू आहे ना. पोर शिंकली की ही ओव्याचा शेक घेऊन हजर. पोर खेळायला गेली की ही भाकरी तव्यावर टाकून दारात. आणि ही एवढी जिवापलीकडे जपलेली पोर सकाळी उठली की काय करायची? डोळे चोळत चढणीवर चढायची आणि पलीकडे उतरून जायची. तिकडे पोरांचा गोंधळ, तिकडे घावणे, तिकडे मांडीवर घेऊन केस विंचरणं. चुलतीला ती मोठी आय म्हणायची. आपल्याकडे म्हणतातच. पण अनशीला तो शब्द काट्यासारखा लागे. ती मोठी, मग मी कोण?

संध्याकाळी पोर परत आली की अनशी विचारायची, "काय खाल्लंस?"

"घावणे."

"मी करते ते का नाही खात?"

"मोठ्या आयच्या घावण्याला भोकं असतात."

म्हणे, त्या दिवसानंतर अनशीने आठ दिवस रोज घावणे घातले. एकालाही मनासारखी भोकं पडली नाहीत. ते तिने गाईला घातले आणि चुलीशी बसून रडली. तिच्या मनात येई, हिला तीन आहेत. तीन! देवाने हिला ओटी भरभरून दिलं, तरी माझी एक हिला हवीच. खरं तर गोमतीने कधी पोरीला बोलावलं नव्हतं. पोर यायची, तिला ती जेवू घालायची, इतकंच. पण मत्सर कुणाला काही विचारत बसत नाही.

त्या वर्षी पाऊस एवढा लागला की गावातले निम्मे गडगे बसले. देवदिवाळीला गावदेवीची पालखी पायवाटेने निघते. तेव्हा गावचे मानकरी, गावकर बुधाजी यांनी सांगितलं, आपापल्या दारापुढचा गडगा ज्याने त्याने उभा करावा, पालखीला वाट मोकळी द्यावी. मजुरी कुणाला नाही, घरटी माणूस लागलंच पाहिजे. गोमतीने पायवाटेच्या कडेचा आपला भाग चार दिवसांत उभा केला. बुधाजी काठी टेकत आले, थांबले, गडग्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "गडगा रचावा तर गोमतीने. गावात दुसरा हात नाही."

अनशी तिथेच डोक्यावर दगडांची पाटी घेऊन उभी होती. पाटीचं ओझं तिला तोवर लागत नव्हतं, त्या शब्दांबरोबर लागायला लागलं. पोर तिची, गाव तिचं, आता दगडसुद्धा तिचेच.

अनशीकडे काम राहिलं होतं ते दोन घरांमधल्या गडग्याचं. चढणीच्या दोन्ही बाजूंनी तो ढासळला होता. तिने ठरवलं, असा रचीन की लोकांनी गोमतीचा विसरून जावा.

इथे गडग्याची एक खूण सांगितली पाहिजे. चांगला रचणारा दगडाचं लहान तोंड बाहेर ठेवतो आणि लांब अंग आत घालतो. बाहेरून दिसायला ते साधंच दिसतं, पण दगड आत रुतून राहतो. मधेमधे एखादा लांब दगड या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार घालायचा. तो दोन्ही तोंडं बांधून ठेवतो. अनशीने उलटं केलं. लांब, सपाट दगड निवडून ते बाहेरच्या बाजूला आडवे निजवले. चार दगडांत हातभर भिंत झाकली जायची आणि कशी सरळ, गुळगुळीत! आत मात्र तिने वाटेवरची खडी आणि पालापाचोळा कोंबला.

गोमती पलीकडून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अनशी, दगड निजवू नको गो. उभा आत जाऊ दे. असा रचलास तर पोट येईल गडग्याला."

अनशीने वळूनसुद्धा बघितलं नाही. "माझा देखणा होतोय, म्हणून तुझ्या पोटात दुखत असेल वयनी."

गोमती गोठ्याकडे निघून गेली.

लांब दगड संपले. देखणं तोंड वरपर्यंत न्यायला आणखी पाच तरी हवे होते. अनशी इकडेतिकडे बघू लागली आणि तिची नजर चढणीच्या दगडांवर गेली. पाचही लांब, घडीव, वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले. ते काढले तर गडगा पुरा होईल. आणि ते काढले तर ठकूला पलीकडे जायला वाटही राहणार नाही. सांगतात, या दुसऱ्या विचाराने तिने पहार एकदा खाली ठेवली. तरी पहार घातली ती त्याच विचाराने. मोठ्या माणसांना झऱ्यावर जायला खाली ओढ्याशी, वहाळाकडे, बेडं होतंच, आडवे बांबू सरकवून केलेली वाट. लोकांना थोडा वळसा पडेल, पडू दे. पोरीला वहाळाकडे कुणी एकटी सोडत नसे.

पाचही दगड उपटून तिने बाहेरच्या तोंडाला आडवे लावले. जे दगड गडग्याची दोन्ही अंगं बांधून धरत होते, तेच तिने काढले. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिला ते त्या वेळी आठवायचं नव्हतं.

पालखी आली, गेली. बुधाजींनी वळशाबद्दल कुरकुर केली. मग गडगा बघितला आणि म्हणाले, "हा तर आरसा झालाय! अनशीने गोमतीला मागे टाकलं." बायाबापड्या बघायला आल्या. अनशी दारात उभी राहून ऐकत होती. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं.

ठकूला मात्र लागेना. ती गडग्यापाशी उभी राहून दगडांना हात लावून बघायची, पायरी कुठे गेली म्हणून. "आय, मोठ्या आयकडे जायचंय."

"जायचं नाही."

"का?"

अनशीच्या तोंडात आलं ते बोलली. "ती तुला पोत्यात घालून घाटावर पाठवील. मग मी दिसणार नाही तुला कधी."

पोर एवढाले डोळे करून बघत राहिली. रडली नाही. अनशीने तिला पोटाशी घेतलं आणि तिला वाटलं, झाली माझी.

तिसऱ्या दिवशी दुपारी पलीकडे गोमतीने घावणे घातले. वास गडग्यावरून इकडे आला, पोरांचा हसण्याचा आवाज आला. चार वर्षांच्या जिवाला भीती तरी किती वेळ धरवणार? अनशी मागच्या पडवीत भात कांडत होती. मुसळाच्या दोन घावांच्या मधे तिला दगडावर दगड घासल्याचा बारीक आवाज ऐकू आला. गडग्याशी राहिलेल्या बाईला तो आवाज ओळखायला वेळ लागत नाही. ती धावत पुढे आली.

ठकू गडग्याच्या माथ्यावर होती. दगडांच्या फटींत बोटं घालून चढली होती. आता तिथे घोड्यावर बसावं तशी बसून हलत होती आणि तिच्याबरोबर माथ्याचे दगडही हलत होते. खाली अनशीच्या अंगाला तो देखणा आरसा फुगला होता. पोट आलं होतं. गरोदर बाईसारखा गडगा पुढे आला होता आणि फटींतून खडी झरझर गळत होती.

अनशीने पाठ लावली. दोन्ही पाय जमिनीत रोवले आणि फुगलेल्या दगडांना पाठीने दाबून धरलं. खडी गळायची थांबली. वर हात केला असता तर पोर हाताला लागली असती. पण हात वर करायला पाठ सैल सोडावी लागली असती, आणि पाठ सोडली असती तर दगड आणि पोर एकत्रच खाली आली असती.

ती ओरडली. काय ओरडली ते तिला मागाहून आठवलं नाही. गोमतीला तिने हाक मारली होती असं गोमतीची मुलं सांगायची.

गोमती आली. पलीकडची जमीन हातभर खाली, त्यामुळे तिकडून गडगा डोक्याच्या वर. तिने एकदा बघितलं आणि तिला सगळं समजलं. गडग्याला तिने अंग लावलं नाही. नुसते दोन्ही हात वर केले, आणि बोटं कशीबशी माथ्याला पोचली.

"अनशी, हलू नको. श्वाससुद्धा बेताने घे. ठकू, बाळा, माझ्याकडे सरक."

ठकू सरकली नाही. तिने मान वळवून आईकडे बघितलं. ती घाबरली होती. घाबरलेल्या पोराला कोण हवं असतं? "आय," ती म्हणाली, "मी तुझ्याकडे येते." आणि एक पाय आईच्या अंगाला सोडला. दोन दगड निसटले आणि अनशीच्या खांद्यावरून खाली गेले.

किती दिवस अनशीला हेच ऐकायचं होतं! तिकडे मोठी आय हात पसरून उभी असताना पोरीने आपल्याकडे यावं, हे तिने देवीकडे मागितलं होतं. आणि ते आता मिळत होतं.

"येऊ नको!" अनशी म्हणाली. "माझ्याकडे येऊ नको. मोठ्या आयकडे जा."

"तिच्याकडे पोतं आहे."

गडग्याच्या पलीकडे एकदम शांतता झाली. अनशीला पाठीत दगड टोचत होते, खांद्यातून रक्त येत होतं. पण त्या शांततेसारखं काही टोचलं नाही म्हणे. लपवायला पदर नाही, वळायला जागा नाही. "नाही गो पोतं," ती म्हणाली. "मी खोटं सांगितलं तुला. मोठी आय चांगली आहे. माझ्याहून... मोठी आय फार चांगली आहे. तिने कधी तुला रडवलंय का? जा."

पलीकडून गोमतीचा आवाज आला. आवाज जरा घोगरा होता, पण रोजच्यासारखाच. "पोतं आहे ग ठकू. पण त्यात भात आहे. तू मावायची नाहीस त्यात. ये, घावणा निवतोय."

ठकूने पुन्हा आईकडे बघितलं. "तू येशील?"

"मागून येते. जा, बाळा."

आणि अनशीने मनातल्या मनात देवीला सांगितलं, आई, हिला सुखरूप पलीकडे उतरव. मी दर वर्षी माझ्या हाताने हिला पलीकडे देईन. आणि परत ये म्हणून हाक मारणार नाही. तिला येईल तेव्हा ती येईल.

माथ्यावरचा भार हलला. दगड कुरकुरले. मग पलीकडून गोमती ओरडली, "घेतली! अनशी, घेतली मी! पळ आता!"

पण पोर उतरली हे ऐकताच अनशीची पाठ सैल पडली. ती खाली बसली आणि गडगा तिच्यावर आला.

गोमतीच्या आवाजाने लोक धावत आले. दगड काढून अनशीला ओढून बाहेर घेतलं. ती जगली. डावा पाय घोट्यापासून मोडला तो कायमचा. बुधाजी वाकून पडलेला गडगा बघू लागले आणि बराच वेळ बघत राहिले. आतली खडी सगळी आधीच गळून गेली होती. आत होतं ते नुसतं पोकळ. बाहेरचे दगड एवढा वेळ कशावर उभे होते ते त्यांना कळेना. कुणी म्हणतात देवीने हात दिला. कुणी म्हणतात त्या दोघी जावाच आरपार दगड झाल्या होत्या, एकीची पाठ आणि दुसरीचे हात. आबा म्हणाले, "काय ते तुम्ही ठरवा. मी ऐकलं तेवढं सांगतो."

महिनाभराने गोमतीने गडगा उभा केला. अनशी आपल्या अंगाला लंगडा पाय पसरून बसायची. गोमती तिकडून लांब दगड सारायची आणि अनशी त्याचं टोक इकडून ओढून घ्यायची. असे पाचही दगड परत आरपार गेले. त्या कामात दोघींचं बोलणं "जरा वर", "जरा डावीकडे" एवढंच. पोत्याबद्दल गोमतीने तेव्हा विचारलं नाही आणि पुढे मरेपर्यंतही नाही. तिने एकदा भांडावं म्हणून अनशी वाट बघायची. गोमती भांडली नाही.

अनशीचा मत्सर गेला असं मात्र कुणी सांगत नाही. गोमतीच्या घरातून ठकूच्या हसण्याचा आवाज आला की तिच्या छातीत तेव्हाही कळ यायची. पण देवदिवाळीच्या आधीच्या रविवारी, गडग्याचं काम झालं की ती काठी टेकत यायची, पोरीला पहिल्या पायरीवर उभी करायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "जा गो, मोठ्या आयकडे जा." आणि तिथेच बसून राहायची. पहिल्या वर्षी ठकू दिवेलागणीला परत आली. तोवर अनशीने हाक मारली नाही. हातातला पदर तेवढा तिने पिळून पिळून फाडला होता म्हणे.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या एका बाईने आपलं मूल आणून त्या पायरीवर उभं केलं. तिसऱ्या वर्षी पाच जणी आल्या. कुणी कुणाला कारण विचारलं नाही. मुलाला आपल्याहून दुसऱ्या कुणाचा जास्त लळा लागेल, ही भीती काय एकट्या अनशीच्या घरात होती?

आबांनी एवढं सांगितलं आणि ते उठले. शहरातल्या बाईंनी विचारलं, "मग हे सगळं खरं आहे का?" आबांनी चढणीकडे बोट केलं. काम संपलं होतं, आणि वाडीतली एक सून आपल्या अडीच वर्षांच्या मुलाला पायरीवर उभं करत होती.

आजही निवळशेतात त्या दिवशी कुणी कुणाच्या गडग्याला छान म्हणत नाही. आजही आई आपलं मूल उचलून शेजारणीच्या अंगाला देते, तेच शब्द बोलते आणि आपल्या अंगाला थांबते. हाक मारायची नाही. एखादं मूल पलीकडे पाय टेकताच भोकाड पसरून परत येतं आणि त्याची आई लाजत हसते. एखादं येतच नाही. ऊन उतरतं, बाकीचे घरी जातात, पलीकडे खेळ रंगात येतो. आई तिथेच असते. आधीच नीट बसलेला एखादा दगड ती उगाच काढते, फिरवते, परत बसवते, आणि वरच्या पायरीकडे बघत राहते.